ज्या सुगीत मी पियानो कसला

ज्वारी वाळली की विळ्यांच्या मुठी ढिल्या होतात. दर वर्षीचं आहे हे. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, फुगतं आणि मूठ पात्याचा शेपटा गच्च आवळून बसते. माघ लागला, कोरडं वारं सुटलं, की तेच लाकूड आटतं आणि ऐन सुगीच्या तोंडावर मूठ खुळखुळायला लागते. मग अख्खं गाव सुताराच्या दारात. आज सकाळपासून माझ्या अंगणात विळ्यांचा ढीग पडलाय आणि जो येतो तो म्हणतो, "मिस्त्री, माझा आधी." सगळ्यांचाच आधी! मला काय चार हात आहेत?

मी बाभळीची पाचर तासतो, मुठीत ठोकतो, विळा हातात धरून हलवून बघतो. हलला नाही की दिला. जन्मभर हेच केलं. आमच्या धंद्यातली विद्या म्हणाल तर एवढीच, जे हलतं ते कसायचं. चाकाचा आरा असो, तिफणीचा दांडा असो, बाजेचा पाया असो. ढिलं राहिलं तर नाव सुताराचं जातं. बापानं मला पहिली थप्पड दिली ती एका ढिल्या मुठीपायी, आणि ती मी विसरलो नाही.

ही विद्या एकाच ठिकाणी माझ्यावर उलटली. कुठं, ते सांगायला बसलोय. लिहिणं काही माझं काम नव्हे. एका पंतोजींच्या घरी दारं बसवता बसवता अक्षरं शिकलो. सरळ रेघ मारायची सवय होती, म्हणून वळण बरं आलं. बाकी माझ्यापाशी काही नाही. राग मात्र भरपूर आहे, आणि तो कुणावर काढायचा हे एवढ्या वर्षांत ठरलेलं नाही.

समोर गोदी बसलीय. माझी लेक. तिशी ओलांडली तिनं. ज्या विळ्याची मूठ फुटली तो एकीकडं, ज्याची नुसती ढिली तो दुसरीकडं, असं निवडत असते. तिला बोलवायचं तर मी लाकडाची एक ढलपी तिच्या पायापाशी टाकतो. ती वर बघते, मी बोट दाखवतो, ती हवं ते आणून देते. मघाशीच शेजारचा गणपा दारातून ओरडला, "गोदाक्का, पानी दे की जरा!" आणि लगेच जीभ चावली. गावाला सवय आहे, तरी विसरतात. तिला ऐकू येत नाही. बोलणं म्हणाल तर सहा वर्षांच्या पोरीला जेवढे शब्द येतात त्यातले दहाबारा उरलेत, आणि ते ती अजून त्याच बोबड्या तोंडानं म्हणते. भाकरीला 'भाकली' म्हणते. तिशीची बाई 'भाकली' म्हणते तेव्हा आलेले पाव्हणे खाली मान घालून जेवतात.

सुगी हा खरं तर ऐकायचा हंगाम. ज्याला कान आहेत त्याला हे कळत नाही. वाळलेल्या ज्वारीच्या पानांची सळसळ, ती काही हिरव्या पानांसारखी नसते, कागदासारखी कोरडी असते. माळ्यावर उभा राहून कुणी पाखरं हाकतो, त्याची लांबलेली हाळी. गोफण सुटल्याचा सटका. विळा ताटाच्या बुडाशी लागला की येणारा कचकच आवाज, वीस बायका एका रांगेत कापत निघाल्या की तो शेतभर पसरतो. खळ्यावर बैलांच्या घुंगरमाळा. हे सगळं मी दर माघात ऐकतो, आणि ऐकताना कुणाचं तरी चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.

तर ती सुगी. गोदी सहाची होती. दिवाळीच्या मागंपुढं गावात गोवर आला आणि घरोघर पोरं तापानं फणफणली. आमची वाचली म्हणून माझ्या बायकोनं, सखूनं, मारुतीला नारळ फोडला. पंधरा दिवसांनी ध्यानात आलं की पोरगी हाकेला ओ देत नाही. मी म्हटलं, आजारपणात लाडावलीय. एकदा तर पाठीत धपाटा घातला, "ऐकू येत न्हाई का गं?" म्हणून. ते आठवलं की माझाच हात मला नकोसा होतो.

आमचं गाव पाटोद्यापासून दोन कोसांवर. पाटोद्याला तहसिलीच्या मागं एक हकीमसाहेब बसायचे. त्यांनी गोदीच्या एका कानाशी टाळी वाजवली, दुसऱ्या कानाशी वाजवली, मागं जाऊन वाटीवर चमचा मारला.

"नस सुकत चाललीय, मिस्त्री," ते म्हणाले. "डाव्यात काय उरलं न्हाई. उजव्यात थोडं हाय, ते बी जाईल."

"कधी?"

"अल्ला जाने. उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर लई." आणि मग ते म्हणाले, "जे ऐकू येतंय ते रोज ऐकवा. जेवढे दिस ऐकंल तेवढे शब्द पक्के होतील. ऐकणं थांबलं की बोलणं बी गळतं. ध्यानात ठेवा."

म्हणजे आमच्या हातात उन्हाळ्यापर्यंतचे दिवस होते. एवढेच. सखू त्या दिवसापासून पोरीच्या उजव्या कानाला तोंड लावून बोलत राहायची. ही चूल. ही वाटी. हा बा. दिवसभर. तिचा घसा बसला, आवाज घोगरा झाला, तरी थांबली नाही. रात्री माझ्याशी बोलायला तिच्यात आवाजच उरायचा नाही.

आता गफूरचाचांचं सांगतो. मोमिनाबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये ते तीस वर्षं खानसामा होते. छावणी उठली, साहेब गेले, घोडे गेले, आणि मेसमधला पियानो तिथंच राहिला. कपाटासारखं उभं धूड, चार माणसांना हलत नाही, कोण नेणार? जाता जाता एका साहेबानं चाचांना म्हटलं, तुला हवा तर घे. चाचांनी घेतला! बैलगाडीत घालून, वाटेत दोनदा आस मोडून, आपल्या गावी पाटोद्याला आणला. वाजवता म्हणाल तर येत नव्हता. मग कशाला आणलात, म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "तीस साल इसकी धूल पोंछी मैंने. दूसरा कौन पोंछता?"

माघाच्या सुरुवातीला मी त्यांच्या बाजेचा पाया बसवायला गेलतो. सखू तुरीच्या काढणीला गेलेली, म्हणून गोदीला बरोबर घेतलेलं. मी खाली बसून पाया ठोकत होतो. गोदी त्या पियानोशी जाऊन उभी राहिली. तिची हनुवटी जेमतेम पट्ट्यांच्या पुढच्या फळीला पोचत होती. पोरं करतात तसं तिनं फळीला दात लावले. चाचांनी तिला हसवायचं म्हणून एका बोटानं एक पट्टी दाबली.

गोदी दचकली. तोंड काढून फळीकडं बघितलं, हात लावला, मग पुन्हा दात टेकवले. चाचांनी पुन्हा दाबली.

"बा," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यात कोन हाय?"

आजारपणानंतर तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. माझ्या हातातली पाचर कुठं पडली मला कळलं नाही. तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता, लाकडातून दातात आणि दातातून डोक्यात गेला होता. कसा का जाईना! मी उठून चाचांचे पाय धरले. ते आपले "अरे अरे, क्या करते तुम," म्हणत मागं सरले आणि बाजेवर बसायला गेले, तर तिला तीनच पाय.

त्यानंतर एक दिवसाआड मी गोदीला खांद्यावर घेऊन पाटोद्याला जायचो. पियानोच्या वीसबावीस पट्ट्या चांगल्या वाजायच्या. बाकीच्या काही घोगऱ्या, काही अगदीच मुक्या. पण गोदीला त्या वीस पुरत होत्या. डावीकडच्या एका जाड आवाजाला तिनं 'म्हस' नाव ठेवलं, उजवीकडच्या बारीकला 'चिमनी'. दात फळीला लावून हुकूम सोडायची, "म्हस वाजव." चाचा म्हस वाजवायचे. "आता तिचं रेडकू." चाचा शेजारची पट्टी दाबायचे. मी मधेमधे तिच्या कानाशी शब्द सांगायचो आणि ती ते परत म्हणायची, स्पष्ट. माघाचे ते दहाबारा दिवस. माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही असेल ते तेवढंच आहे, आणि ते मी माझ्या हातानं संपवलं.

कारण मी सुतार. घोगऱ्या पट्ट्या मला बघवेनात. वीस पट्ट्यांवर पोरगी एवढी हसते तर सगळ्या वाजल्या तर? आवाज दुप्पट केला तर? उन्हाळ्यापर्यंत ऐकू येणार ते पावसाळ्यापर्यंत येईल. असा माझा हिशोब. मी चाचांना म्हटलं, "उघडा, आत बघू द्या."

वरची फळी काढली आणि मी चाटच पडलो. बाहेरून जी पट्टी दिसते ती म्हणजे तराजूची दांडी. पुढचं टोक बोटानं दाबलं की मागचं वर जातं. मागच्या टोकावर बोटभर लांबीचा एक लाकडी टेकू उभा. दांडी वर गेली की टेकू वर जातो आणि हातोडीच्या बुडाला रेटा देतो. हातोडी म्हणजे वीतभर काडीवर बसवलेलं लाकडाचं डोकं, त्याच्या तोंडाला नमदा, घोड्याच्या खोगिराखाली असतो तसलाच, पण दाबून दाबून टणक केलेला. ती पुढं जाऊन तारेवर आदळते. त्याच वेळी तारेला टेकून बसलेली नमद्याची एक चिमुकली गादी मागं होते, म्हणजे तार मोकळी. बोट उचललं की गादी परत तारेवर येऊन आवाज बंद करते. हातोडीला मागं ओढायला कापडी फितीचा लगामसुद्धा होता. आणि हे सगळं एकेका पट्टीमागं, असं पंच्याऐंशी वेळा. कुणी बसून केलं असेल? मी मनातल्या मनात त्या कारागिराला हात जोडले. नांगर-तिफणी करणारा माणूस मी, एवढं बारीक काम जन्मात बघितलं नव्हतं.

हात जोडले, आणि लगेच त्याच्या चुका काढायला बसलो.

टेकू ढिला होता. पट्टी हळूहळू दाबत नेली की टेकू हातोडीला रेटत रेटत तारेपर्यंत नेतो, आणि तार ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर आली की बुडाखालून निसटतो. शेवटपर्यंत पोचवतच नाही! नीट बघितलं तर प्रत्येक टेकूच्या टाचेशी एक लाकडी बोंड, पेचावर बसवलेलं. तेच नेमकं आडवं येत होतं आणि टेकूला ढकलून देत होतं. एखादा निसटला असता तर म्हटलं असतं, झिजला. इथं सगळेच निसटत होते. सुताराच्या डोळ्याला काय दिसणार? ढिला पडलेला माल. मी म्हटलं, दुखणं सापडलं. टेकू शेवटपर्यंत रेटायला लागला की आवाज गावभर जाईल.

चाचा म्हणाले, "नक्को रे मिस्त्री. सिकंदराबाद से एक गोरा बुड्ढा आता था, साल में एक दफे. वो तो कुछ कसताच नै था. दिया लेके झांकता था, और थोडा थोडा ढीला रखता था."

"चाचा," मी हसून म्हटलं, "तुमी कबाब भाजले तीस वर्षं. लाकडाचं मला कळतं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्याच घरात, त्यांच्याच वस्तूवर मी त्यांना असं बोललो.

घरी सखूला सांगितलं तर तिनं हातातलं पीठ झटकलं. त्या बसलेल्या घशानं म्हणाली, "जेवढं वाजतंय तेवढं ऐकू द्या की तिला. चांगलं चाललंय तर काहून उचकटताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला पोरीचं कळतंय. दिस कमी हायेत."

"म्हणूनच करतोय ना!" मी ओरडलो. "आठ दिसांचं काम हाय."

गोदी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. तेव्हापासून तिला तोंडं वाचायची सवय लागली असावी. शब्द नव्हे, माणूस रागावलाय की खूश आहे, एवढंच.

गावात ज्वारी पिवळी पडली. माझ्या दारात विळ्यांचा ढीग लागला आणि मी पाटोद्याला. लोक चिडले, आणि चिडणारच. पाटलाच्या मळ्यातला एकजण वाटेत भेटला, म्हणाला, "काय मिस्त्री, साहेबाच्या पेटीशी पाट लावला का बे? आमच्या इळ्याच्या मुठी कोन बसवनार, तुझा बाप?" मी हसून पुढं गेलो. त्या सुगीत ढिल्या मुठीपायी बायांचे तळहात कापले, आणि माझ्या नावानं शिव्या शेतातून घरापर्यंत आल्या.

आठ दिवसांचं काम महिन्यावर गेलं. हातोड्यांचा अख्खा सांगाडा बाहेर काढून चाचांच्या ओसरीवर चादर अंथरून ठेवला. एकेक बोंड पेच फिरवून वर चढवलं, म्हणजे टेकूच्या वाटेला जाणार नाही. एकेका टेकूच्या पायाशी चामड्याची चकती सरसानं चिकटवली, म्हणजे जागचा हलणार नाही. काम असं सुबक झालं म्हणता! एकही टेकू डुगडुगत नव्हता. मी बोटानं हलवून बघायचो आणि मान डोलवायचो.

गोदी रोज बरोबर असायची. आतून रिकाम्या झालेल्या पियानोला दात लावून उभी राहायची आणि वाट बघायची. "म्हस?" विचारायची. मी तिच्या उजव्या कानाशी म्हणायचो, "उद्या." पहिले काही दिवस तिला ते ऐकू यायचं, "उद्या," ती म्हणायची आणि खाली बसायची. मग मला ओरडून सांगावं लागायला लागलं. मग हातानं दाखवावं लागायला लागलं. मी ते बघत होतो. आंधळा नव्हतो. बघायचो आणि हात आणखी जोरात चालवायचो, कारण मला वाटायचं की कामच आता तिला वाचवणार आहे. त्या दिवसांत मी सगळं तसंच सोडून सखूसारखा तिच्या कानाशी नुसतं बोलत बसलो असतो तरी चाललं असतं. दोन शब्द जास्त राहिले असते. पाणी राहिलं असतं. पाण्याला तिच्याकडं शब्दच नाही, ओंजळ करून दाखवते.

फाल्गुनात सांगाडा परत बसवला. चाचांनी नवा सदरा घातला होता. मी पट्टी दाबली.

ठक्.

दाराला टिचकी मारल्यासारखं. दुसरी दाबली. ठक्. तिसरी, चौथी. मी दोन्ही हातांनी दाबत सुटलो, डावीकडून उजवीकडं, आणि पियानो नुसता ठकठकत राहिला. जिथं पूर्वी म्हस हंबरत होती तिथंही ठक्. गोदीनं दात टेकवले होते. तिनं तोंड उचललं आणि माझ्याकडं बघितलं.

चाचा आत गेले आणि नवा सदरा बदलून आले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. मग आठवलं, अगदी उजव्या टोकाच्या एका पट्टीला चामडं पुरलं नव्हतं. ती तशीच राहिलेली. उठून ती दाबली. बारीक, पण लख्ख आवाज आला आणि लांबत गेला. मी फळी काढली, दारातलं ऊन आत येईल असा बसलो, आणि ती एक हातोडी पन्नास वेळा बघितली. मग शेजारची, मी कसलेली. मग पुन्हा ती.

तेव्हा कळलं. हातोडीनं तारेला मारायचं असतं आणि त्याच क्षणी तिथून निघायचं असतं. ती तिथं रेटून धरली तर तिचाच नमदा तारेचा आवाज गिळतो. म्हणून टेकू शेवटच्या दाणाभर अंतरावर अंग काढून घेतो. तेवढं अंतर हातोडी एकटी जाते, आपल्या झोकानं, आणि एकटी मागं पडते. ती ढिलाई कुणीतरी मोजून-मापून ठेवली होती. ती बोंडं त्यासाठीच होती. सिकंदराबादच्या त्या म्हाताऱ्याला हे माहीत होतं, कबाब भाजणाऱ्याला निम्मं माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण माझ्या मते मला सगळं येत होतं.

उचकटायला कसायच्या निम्मे दिवस लागले. सरस असा धरलेला, की गरम पाण्याचा बोळा लावून चामडं खरवडावं लागे. पाच टेकू मोडले. ते सागाचे नवे तासले. एकेक बोंड पेच फिरवून खाली आणायचं, पट्टी दाबायची, बघायचं, पाव आटा मागं, बघायचं. चाचा चष्मा लावून शेजारी बसायचे आणि "बस, बस, इत्ता," म्हणायचे. त्या दिवसांत मी त्यांचं सगळं ऐकलं. कसर लागलेल्या हातोड्यांना त्यांनी आपल्या जुन्या खोगिराचा नमदा कापून दिला. घोडा नव्हता त्यांच्याकडं, खोगीर तेवढं ठेवलं होतं.

शिमगा होऊन गेला. ऊन तापायला लागलं. हकीमसाहेबांनी सांगितलेला उन्हाळा आला होता.

ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी पाटोद्याचा बाजार होता. सखूही बरोबर आली. आत चाचांच्या घरात यायला लाजली, बाहेर ओट्यावर बसली. म्हणाली, "मी हितनंच ऐकते."

मी गोदीला पियानोशी नेलं. आता तिला सांगावं लागलं नाही, तिनं फळीला दात टेकवले. मी मधली पट्टी मारली. काय आवाज आला म्हणून सांगू! भरलेल्या घागरीवर कुणी बोट मारावं तसा, गोल, आणि किती तरी वेळ खोलीत राहिला. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर बाजारातली दोन माणसं दाराशी येऊन उभी राहिली. गोदीनं डोळे वर करून माझ्याकडं बघितलं, हसली आणि मान हलवली.

मी दुसरी मारली. तिनं मान हलवली. तिसरी. हलवली. माझे हात कापायला लागले. आनंदानंच कापत होते, खोटं कशाला बोलू. कापऱ्या बोटानं पुढची पट्टी दाबली ती इतकी हळू दाबली गेली की हातोडीला झोकच मिळाला नाही. ती तारेपर्यंत गेली आणि न शिवता मागं आली. नीट दुरुस्त झालेल्या पियानोत असंच होतं. काहीसुद्धा वाजलं नाही.

गोदी हसली आणि तिनं मान हलवली.

मी थांबलो. मग मुद्दाम, अगदी सावकाश, दुसरी पट्टी खाली नेली. खोलीत चिडीचूप. तिनं मान हलवली. ती पट्टीकडं बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती. तिथं जे दिसत होतं त्याला ती हो म्हणत होती, बापाला बरं वाटावं म्हणून. मी आणखी एक दाबली, नुसती, वाजू न देता. तरी हसली.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी पुढं होऊन पियानोचं झाकण हळूच खाली केलं आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मी गोदीला कडेवर घेऊन बाहेर आलो. सखू उठून उभी होती. पदर तोंडाशी धरलेला, डोळे पोरीवर.

"ऐकलं का वो तिनं?"

"ऐकलं," मी म्हटलं.

ती मटकन ओट्यावर बसली आणि रडायला लागली. बाजारातली माणसं बघायला लागली तरी थांबली नाही. "म्हंजे हाय आजून," म्हणत राहिली. "हाय आजून थोडं."

सखू त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्या अकरा वर्षांत तिनं पोरीला हाका मारणं सोडलं नाही. गोदी पाठमोरी असली, शेतात पुढं गेलेली असली, पाण्यावरून येत असली, की सखू मागून आवाज द्यायची, "गोदे!" आणि थांबायची. कान देऊन थांबायची, जशी काही ऐकायची पाळी तिचीच होती. गोदी कधी आपली सहज वळून बघायची, मग सखू घरी आल्या आल्या मला सांगायची, "आज ऐकलं बघा तिनं." मी रंधा मारत असायचो. मी हूं म्हणायचो.